राजवाड्याचे मजले यंत्राला मोजता येत नाहीत: चित्रकारानं एआयला सोबत कसं घ्यावं

२०२५च्या मार्चमध्ये ज्याच्या-त्याच्या फोनवर जपानच्या जिब्ली स्टुडिओच्या पद्धतीचे कार्टून-चेहरे दिसायला लागले. सप्टेंबरात साडीतल्या, जुन्या सिनेमाच्या पोस्टरसारख्या फोटोंची लाट आली. एक ओळ लिहायची, अर्धा मिनिट थांबायचं, की चित्र हातात. हे पाहून चित्रकलेच्या क्लासला जाणाऱ्या मुलांपासून ऑर्डरी घेणाऱ्या मुरलेल्या चित्रकारांपर्यंत सगळे विचारत आहेत की आता ब्रश धरून उपयोग काय.

उपयोग आहेच. मात्र हे यंत्र कुठल्या कामाचं आहे नि कुठल्या कामाचं नाही, हे नीट कळायला हवं. कॅनव्हासवर पहिला हात फिरवण्याआधी चित्रकाराला बरीच चाचपणी करावी लागते: प्रकाश कुठून घ्यायचा, काय मोठं दाखवायचं, काय गाळायचं, आभाळ किती ठेवायचं. त्या चाचपणीत एआय फार उपयोगी पडतं. पाहण्याचं आणि ठरवण्याचं काम मात्र त्याच्यावर सोपवलं की चित्र बिघडतं. कसं बिघडतं, ते इंदुरातल्याच उदाहरणांवरून पाहू.

यंत्र चित्र 'काढतं' म्हणजे काय करतं

इंदूरचे विष्णू चिंचाळकर गुरुजी वाळक्या काटक्या, पानं, टाकाऊ वस्तू यांत दडलेले आकार शोधायचे. एखाद्या वाकड्या फांदीत त्यांना पक्षी दिसे, आणि थोडा हात लावला की तो आपल्यालाही दिसायला लागे. चित्र करणारी बरीचशी एआय साधनं याच्याशी दुरून नातं सांगणारं काम करतात.

त्यांना आधी कोट्यवधी चित्रं आणि प्रत्येक चित्राखालची ओळ दाखवली जाते. मग त्या चित्रांवर थोडे थोडे ठिपके उडवले जातात, जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या तसे. शेवटी नुसत्या मुंग्याच उरतात. यंत्राला शिकवतात ते उलटं काम: मुंग्या पुसून खालचं चित्र ओळखायचं. असं शिकून तयार झालेल्या गणिती साच्याला 'मॉडेल' म्हणतात. आपण जी ओळ लिहितो ती 'प्रॉम्प्ट'. ओळ मिळाली की मॉडेल कोऱ्या मुंग्यांपासून सुरुवात करतं आणि साधारण २० ते ५० पायऱ्यांत त्या पुसत पुसत ओळीशी जुळेल असं काहीतरी वर आणतं. सुरुवातीच्या मुंग्यांच्या नक्षीला एक क्रमांक असतो, त्याला 'सीड' म्हणतात. हे तीन शब्द लक्षात असले की पुरे. काही नवी साधनं याहून वेगळ्या रीतीनं चित्र घडवतात, पण त्यांचाही स्वभाव हाच.

गुरुजी आणि यंत्र यांत एक मोठा फरक आहे. गुरुजींच्या हातात खरी काटकी होती आणि त्या काटकीचा वाकडेपणा त्यांना हवा होता. यंत्रापुढे खरी वस्तू नसतेच. या ओळीला बहुतेक वेळा कसं चित्र असतं, एवढंच त्यानं शिकलेलं असतं. त्यामुळे ते नेहमी सर्वांत संभवनीय चित्राकडे सरकतं. म्हातारा म्हटलं की पांढरी दाढी, गाव म्हटलं की बैलगाडी, संध्याकाळ म्हटलं की केशरी आभाळ. या लेखातला पुढचा प्रत्येक सल्ला या एकाच स्वभावातून निघाला आहे.

मग त्याला इंदूर का जमत नाही

इंदूरचा राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. नुसतं 'इंदूरचा राजवाडा' लिहून चित्र मागा, आणि मजले मोजा. कधी पाच भरतील, कधी आठ. लाकडी गवाक्षांच्या जागी राजस्थानी महालांची जाळी येईल आणि माथ्यावर एखादा घुमट आगाऊपणे उगवेल. 'भारतीय राजवाडा' या शब्दांखाली यंत्रानं जी चित्रं पाहिली त्यांत राजस्थान भरपूर आणि माळवा चिमूटभर, त्याचा हा परिणाम. शिवाय यंत्र मजले मोजतच नाही. एकावर एक ओळी दिसल्या की त्याचं समाधान होतं.

अहिल्यादेवींचं चित्र मागून पाहा. पांढऱ्या साडीतली, हातात शिवलिंग घेतलेली, साधी आणि करारी बाई आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. यंत्र 'राणी' हा शब्द धरतं आणि मुकुट, जडावाचे हार, लाल-सोनेरी लेहंगा देतं. नुसतं नऊवारी म्हणून सांगितलंत तर समोरून निऱ्या दिसतील, आणि त्या निऱ्या पायघोळ परकरासारख्या गोल पसरलेल्या असतील. काष्टा नसेलच. नऊवारीत कापड दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचलेलं असतं. त्यामुळे पोटऱ्यांवर घड्या तिरक्या ओढल्या जातात आणि बाई चालते तेव्हा दोन पाय वेगवेगळे कळतात. ही ओढ चित्रात नसेल तर मराठी डोळा चटकन ओळखतो, कारण सांगता आलं नाही तरी. रंगपंचमीला इंदुरात निघणाऱ्या मिरवणुकीचं, गेरीचंही तसंच. टँकरमधून उडणारे पाण्याचे फवारे, राजवाड्यासमोर खच्चून भरलेली गर्दी, हे सगळं विसरून यंत्र मथुरेची होळी पुढे ठेवतं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मॉडेल शिकवायला वापरल्या गेलेल्या सार्वजनिक संग्रहांत लायॉन-५बी हा फार गाजला. त्यात चित्र आणि ओळ अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. त्यांतल्या २३० कोटींच्या ओळी इंग्रजीत. शंभराहून अधिक बाकीच्या भाषा मिळून २२० कोटी. त्या शंभरांत मराठी, आणि मराठीत पुन्हा 'काष्टा' असं लिहिलेली चित्रं किती असणार! म्हणून नाव सांगण्यापेक्षा आकार सांगा. 'नऊवारी' एवढंच न लिहिता 'साडीचं कापड दोन पायांमधून मागे घेऊन कमरेला खोचलेलं, पोटऱ्या अर्धवट दिसतात, घड्या तिरक्या' असं लिहा. 'होळकरी पगडी' म्हणून भागत नाही. तिची घेराची रुंदी, घडी, उंची शब्दांत सांगावी लागते. तरीही चूक होईल, म्हणूनच पुढचा मार्ग जास्त भरवशाचा.

शब्द कमी, आपलं रेखाटन पुढे

नवखा माणूस यंत्राला लांबलचक ओळी लिहितो. चित्रकाराकडे त्याहून चांगली भाषा आहे, पेन्सिल. आपलं रेखाटन फोटो काढून यंत्राला दिलं तर ते मुंग्यांपासून सुरुवात न करता आपल्या रेषांपासून सुरुवात करतं. मांडणी आपली राहते.

समजा खान नदीकाठच्या कृष्णपुरा छत्रींचं, म्हणजे होळकरांच्या स्मारकवास्तूंचं, तैलचित्र करायचं आहे, कॅनव्हास २४ × ३६ इंच, वेळ संध्याकाळची. आधी तिथे जाऊन हाताएवढं रेखाटन करा, साधारण १० × १५ सेंमी, ४बी पेन्सिलनं, फक्त तीन छटांत: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. माप मुद्दाम तेच घ्यायचं, कारण कॅनव्हासचं प्रमाण दोनास तीन आहे आणि या रेखाटनाचंही. बरीच साधनं मुळात चौरस चित्र देतात. चौरस चित्रावर मांडणी ठरवून नंतर ती लांब कॅनव्हासवर ताणली की एक तर आभाळ रिकामं पडतं, नाही तर घुमटाचा कळस कापला जातो. म्हणून साधनातही चित्राचं प्रमाण आधीच दोनास तीन करून घ्या.

रेखाटनाचा फोटो खिडकीजवळ, थेट ऊन नसताना, फ्लॅश बंद ठेवून काढा. फोन कागदाला समांतर हवा. थोडा जरी तिरका झाला तर खांब वर निमुळते होतात आणि यंत्र ते निमुळतेपण खरं धरून चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण. अनेक साधनांत मूळ चित्रात किती बदल करायचा हे ठरवणारी एक पट्टी असते, ० ते १ अशी. ०.२ ते ०.३ वर यंत्र फक्त हात फिरवल्यासारखं साफसूफ करतं. ०.४ ते ०.५५ वर मांडणी आपली राहते आणि प्रकाश, पोत बदलतो. चित्रकाराला लागतो तो हाच भाग. ०.७च्या वर गेलात की रेखाटन केवळ निमित्त उरतं, छत्रीचे खांब वाढतात, पायऱ्या हरवतात. आकडे साधनागणिक थोडे इकडे-तिकडे होतात, म्हणून ०.४५ला सुरुवात करून दोन्हीकडे चाचपडून पाहावं. गप्पांच्या स्वरूपातल्या साधनांत पट्टी नसते, तिथे शब्दांनी बांधून घ्यावं लागतं: 'घुमटांची संख्या, खांब, पायऱ्या आणि काठाची रेषा बदलू नकोस. फक्त प्रकाश संध्याकाळचा कर.' संगणकावर स्वतः मॉडेल चालवणाऱ्यांसाठी २०२३पासून कंट्रोलनेट नावाची जोड उपलब्ध आहे. ती आपल्या रेषांच्या कडा पकडून ठेवते. वास्तूच्या चित्रांना ती फार कामाची.

सीडचा क्रमांक दिसत असेल तर तो पक्का करा आणि दर वेळी एकच गोष्ट बदला. 'संध्याकाळ'च्या जागी 'पावसाळी दुपार', बाकी सगळं तसंच. एका दमात चार शब्द बदलले तर चित्र सुधारलं कशामुळे हे कळतच नाही, आणि त्यातून शिकायला काही मिळत नाही.

किती नमुने काढायचे? सहा. चाळीस काढता येतात म्हणून काढू नयेत. गुळगुळीत, चकचकीत चित्रं ओळीनं पाहत गेलं की डोळा त्या चकाकीला सरावतो आणि आपलं खरबरीत रेखाटन आपल्यालाच दरिद्री वाटायला लागतं. सहांपैकी तीन निवडा, फोनवरच ती कृष्णधवल करा आणि पोस्टकार्डाएवढी छापा. मग डोळे किलकिले करून पाहा. रंग काढल्यावर छत्री आभाळात विरघळली असेल तर त्या नमुन्यात दम नाही, केशरी रंगानं आपल्याला भुलवलं होतं. असे दोन नमुने इथेच गळतात.

पुन्हा नदीकाठी

उरलेला एक छापील नमुना घेऊन त्याच वेळी पुन्हा जागेवर जा. हा टप्पा बरेच जण गाळतात, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच पकडल्या जातात.

आधी ऊन पाहा. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला, म्हणजे वास्तूच्या पूर्वेकडच्या भिंतींवर थेट ऊन पडणं शक्यच नाही. तिथे आभाळाचा निळसर उजेड असतो. यंत्राला सोनेरी ऊन इतकं आवडतं की ते चारही बाजूंना शिंपडून मोकळं होतं. नमुन्यावर पेन्सिलनं बाण काढून प्रत्येक सावली त्याच एका दिशेला जाते का तपासा. मग पट्टी घ्या. पायऱ्यांच्या आणि ओट्याच्या ज्या कडा प्रत्यक्षात समांतर आहेत त्या पट्टीनं पुढे वाढवल्यावर डोळ्याच्या उंचीवरच्या एका बिंदूत मिळायला हव्यात. यंत्राच्या चित्रात त्या दोन-तीन ठिकाणी फुटतात. नुसतं पाहून हे कळत नाही, पण याच चुकीमुळे इमारत थोडी हलत असल्यासारखी वाटते.

पाण्यातलं प्रतिबिंब तर यंत्राची हमखास फसायची जागा. घुमटाचं प्रतिबिंब त्याच्या बरोबर खाली, उभ्या रेषेत पडतं, बाजूला सरकत नाही. उजळ भाग पाण्यात थोडे गडद आणि गडद भाग थोडे उजळ होतात. यंत्र बहुधा वरचं चित्र उलटं करून चिकटवतं, कधी वरच्यापेक्षा एखादा कळस जास्तही. नमुन्यातलं पाणी निळंशार असेल तर समोरच्या खान नदीचा खरा रंग वहीत ताबडतोब टिपून घ्या.

हे झालं की नमुना बाजूला ठेवायचा. चित्र काढताना समोर असावं ते जागेवरचं रेखाटन, रंगांच्या टिपणांची वही आणि फार तर तो कृष्णधवल छापील तुकडा. डी. डी. देवळालीकरांच्या हाताखाली इंदुरात चित्रकार ना. श्री. बेंद्रे शिकले, मकबूल फिदा हुसेन शिकले. डोळ्यांसमोरची गोष्ट उतरवण्याचा तो सराव आज यंत्रामुळे जुना झालेला नाही. यंत्राची चूक पकडायला उलट तोच लागतो.

पडद्यावरून कॅनव्हासवर येताना

अनेकांना वाटतं, यंत्राचं चित्र कॅनव्हासवर छापून घेऊन वरून रंगवलं की काम झालं. आधी हिशोब करा. यंत्र बऱ्याचदा १०२४ ठिपके (पिक्सेल) रुंद चित्र देतं. इंचाला ३०० ठिपके या चांगल्या छपाईच्या मापानं ते जेमतेम साडेतीन इंच भरतं. २४ × ३६ इंचांसाठी इंचाला १५० ठिपके धरले तरी ३६०० × ५४०० ठिपके हवेत. ते वाढवून देणारी साधनं आहेत, पण वाढवताना तीही मधला तपशील अंदाजानं भरतात. दगडाचं कातडं होतं, चेहऱ्याचं मेण. शिवाय साध्या इंकजेट शाईवर ओला ॲक्रिलिक रंग फिरवला की पाण्यात विरघळणारी शाई पसरते, आणि स्वस्त शाईचे रंग उजेडात वर्षांगणिक फिके पडत जातात. वर आपला रंग कितीही चांगला लावा, पाया कच्चा राहतो.

त्यापेक्षा चौकटी आखा. सिनेमाची होर्डिंग रंगवणारे चित्रकार हेच करत, आणि मुंबईत सुरुवातीच्या काळात हुसेननी ती होर्डिंगं रंगवली. १६ × २४ सेंमी छापील रेखाटनावर २ सेंमीचे चौकोन, कॅनव्हासवर ३ इंचांचे. दोन्हीकडे ८ × १२ चौकोन होतात. हातानं वाढवताना रेषा पुन्हा आपली होते. तसं करावं याचं खरं कारण तेच.

रंगाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. पडदा स्वतः उजेड फेकतो, कॅनव्हास फक्त परत पाठवतो. पडद्यावरचं पेटलेलं केशरी आभाळ ट्यूबमधल्या रंगात मिळणार नाही, कितीही महाग ट्यूब घ्या. तिथे रंग जास्त भडक लावायला जाऊ नका. आसपासचा भाग करडा करा. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएन्ना मिसळून छान करडा मिळतो. निळा वाढवला की थंड, सिएन्ना वाढवला की ऊबदार. तो करडा शेजारी आला की पिवळा ऑकर आणि पांढरा यांचं साधं मिश्रणही उजळतं. बेंद्रेंनी पुढच्या काळात ठिपक्याशेजारी ठिपका ठेवून रंग डोळ्यात मिसळू दिले, तेही या शेजारपणाच्याच बळावर. नमुना मॅट कागदावर छापून त्याच्या शेजारी मिश्रणाचे पट्टे लावून पाहिले की पडद्याची भूल उतरते.

जलरंगात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी सांभाळावी. यंत्राला कामाचा क्रम ठाऊक नसतो. ते शेवटचं चित्र देतं, ज्यात पाण्यावरची पांढरी चमक सगळ्यावर वरून ठेवल्यासारखी दिसते. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. तो पहिल्या वॉशच्या, म्हणजे पातळ रंगाच्या थराच्या, आधीच राखावा लागतो, आणि काम फिक्याकडून गडदाकडे जातं. म्हणून नमुन्यावर आधी लाल पेननं राखायच्या पांढऱ्या जागा घेरून घ्या, मग दुसऱ्या क्रमांकाच्या फिक्या जागा, आणि त्याच क्रमानं रंगवा. तैलरंगात उलटी काळजी: खालचे थर पातळ, कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. नमुना बघून उत्साहानं खालीच तेलकट जाड रंग दिला तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे भेगा पडतात.

अर्ध्यात अडकलेलं चित्र

माझ्या मते यंत्राचा सर्वांत प्रामाणिक उपयोग इथे आहे. चित्र साठ टक्के झालंय, काहीतरी खटकतंय, हात लावायची भीती वाटतेय. त्याचा फोटो काढा, फक्त आभाळाचा भाग बोटानं रंगवून निवडा आणि तेवढाच बदलायला सांगा: एकदा करडं, एकदा फिकट पिवळं, एकदा ढगाळ. बाकीचं चित्र जागचं हलत नाही. पूर्वी यासाठी चित्रावर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून त्यावर रंग लावून पाहत. आजही तो उपाय चांगला आहे, फक्त त्यात रंग वाया जातो.

गप्पांच्या साधनाला चित्र दाखवून मत विचारता येतं, पण ते खूश करायला धावतं. 'कसं वाटलं?' असं विचारलंत तर कौतुकाची रांग लागेल. 'नजर पहिल्यांदा कुठे जाते, दुसऱ्यांदा कुठे, सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ जागा कोणत्या' असे मोजता येण्याजोगे प्रश्न विचारा. उत्तर चित्राशी ताडून पाहा. चुकलं तर सोडून द्या.

'पण ही चोरी नव्हे का?'

हा आक्षेप हलका नाही. मॉडेल ज्या चित्रांवर शिकली त्यांतल्या बहुतेकांच्या चित्रकारांना कुणी विचारलं नव्हतं. अमेरिकेत काही चित्रकारांनी जानेवारी २०२३मध्ये यावरून दावा दाखल केला. यंत्रात चित्रं साठवलेली असतात हा समज मात्र बरोबर नाही. २०२२चं स्टेबल डिफ्यूजन हे मॉडेल अब्जावधी चित्रांवर शिकलं आणि त्याची फाइल जेमतेम ४ जीबीची होती. त्यात तेवढी चित्रं मावणार नाहीत. पण संग्रहात पुन्हा पुन्हा आलेलं एखादं चित्र जवळजवळ जसंच्या तसं बाहेर येऊ शकतं, हेही संशोधकांनी दाखवून दिलं आहे.

चित्रकाराच्या हातात यावर दोन गोष्टी आहेत. एक, यंत्राला आपलंच रेखाटन द्यायचं. दोन, प्रॉम्प्टमध्ये हयात चित्रकाराचं नाव लिहायचं नाही. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतो. राजा रविवर्मा १९०६मध्ये गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. बेंद्रे १९९२मध्ये गेले, म्हणजे त्यांचं चित्र उतरवायला २०५२ संपेपर्यंत परवानगी लागेल. नुसत्या शैलीवर कायदा हक्क देत नाही हे खरं. तरी शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या चित्रकाराची शैली यंत्राकडून काढून घेऊन विकणं मला अनीतीचं वाटतं, कायदा काहीही म्हणो.

'मग चित्र कुणाचं म्हणायचं?'

हॅरॉल्ड कोहेन या ब्रिटिश चित्रकारानं १९७०च्या दशकात आरॉन नावाची चित्रं काढणारी प्रणाली लिहायला घेतली आणि २०१६मध्ये मृत्यू येईपर्यंत तिच्यावर काम केलं. सुरुवातीला रेषा यंत्र काढायचं, रंग ते स्वतः भरायचे. त्या चित्रांवर कोहेन यांचा ठसा दिसतो, कारण नियम त्यांनीच लिहिले होते. आज आपण नियम लिहीत नाही, दुसऱ्यानं शिकवलेलं यंत्र वापरतो. म्हणून आपला वाटा किती, हे दाखवता आलं पाहिजे.

भारताचा १९५७चा कॉपीराइट कायदा म्हणतो की संगणकानं तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवून घेणारी व्यक्ती. हे शब्द आजच्या एआयच्या आधीचे आहेत. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं जानेवारी २०२५मध्ये स्पष्ट केलं की केवळ प्रॉम्प्ट लिहिल्यानं हक्क मिळत नाही, माणसाचा सर्जक हात दिसायला हवा. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की पेन्सिल रेखाटन, जागेवरच्या टिपा, मधल्या टप्प्यांचे तारखेसह फोटो जपून ठेवा. रेखाटन करून, जागेवर पडताळून, हातानं रंगवलेलं चित्र तुमचंच आहे आणि हे कागद ते सांगतील.

गिऱ्हाइकापासून लपवू मात्र नका. अहिल्यादेवींचं चित्र सांगायला आलेल्या घरातल्या काकांना आधीच सांगा: 'मांडणीचे नमुने यंत्रावर करून दाखवीन, चित्र पूर्ण हातानं करीन.' बहुतेकांना यात काही वावगं वाटत नाही. नंतर कळलं तर वाटतं.

'माझी चित्रं यंत्रात ओढली जातील त्याचं काय?'

इंटरनेटवर टाकलेलं चित्र पूर्ण सुरक्षित नसतं. मोठ्या मापाचा फोटो न टाकता लांब बाजू १०८० ठिपक्यांच्या आतली टाका. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्लेझ नावाचं मोफत साधन केलं आहे. ते चित्रावर डोळ्याला जेमतेम जाणवतील असे बदल करतं, ज्यामुळे यंत्राला शैली शिकायला अवघड जातं. तेही अभेद्य कवच नाही. फोनवरच्या साधनांत 'माझा मजकूर मॉडेल सुधारण्यासाठी वापरा' अशी खूण असेल तर ती काढून टाका.

'शिकणाऱ्या मुलांनी वापरावं का?'

आधी नाही. रेखाटनाचा हात बसण्यापूर्वी यंत्राची चित्रं पाहत बसलेल्या मुलाला चूक दिसतच नाही, कारण तुलना करायला त्याच्याकडे स्वतःचं निरीक्षण नसतं. दोन-तीन वह्या भरल्या की मग एक खेळ फार उपयोगी पडतो. यंत्राकडून राजवाड्याचं किंवा सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या गर्दीचं चित्र काढून घ्यायचं, छापायचं आणि मुलांना लाल पेन देऊन चुका शोधायला लावायच्या: किती मजले, सावल्या कुठे, जिलेबीच्या कढईवर हात कुठून आला, पाटीवरची जोडाक्षरं खरी आहेत का. मग तीच वही घेऊन त्यांना राजवाड्यासमोर उभं करायचं आणि खालून वर एकेक मजला मोजायला सांगायचं, दगड कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं ते बोटानं दाखवत.